जुनी जंबो घेताना आधी मान बघा, मग पोट

वाचकांचे प्रश्न : वाद्यं आणि त्यांची दुखणी

गेल्या अंकात पेटीच्या पत्रांचा ढीग झाला होता, या वेळी गिटार, आणि गिटारमध्येही बहुतेक सगळी जंबोचीच, म्हणजे मोठ्या डब्याच्या गिटारचीच पत्रं. का ते कळलं नाही, कोणीतरी एखादं रील टाकलं असणार. त्यातलं चोपड्याचं पत्र लांबलचक पण मुद्द्याचं होतं म्हणून त्यालाच जास्त जागा दिलीये, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : सर नमस्कार. मी चोपड्याचा, वय २६, शाळेत कंत्राटी शिक्षक आहे. चार वर्षं झाली गिटार वाजवतोय, माझ्याकडे साधी ड्रेडनॉट आहे. आता धुळ्याला एक जण त्याची जुनी जंबो ॲकॉस्टिक विकतोय, ११ हजार सांगतो, नवीन घेतली तेव्हा २८ ची होती म्हणे. परवा जाऊन बघून आलो. दिसायला एकदम भारी, सनबर्स्ट, मोठ्ठं पिकगार्ड. पण सहा-सात वर्षं भिंतीला टांगलेली होती. तो म्हणे, "भो, पोरना मायक जपेल शे." मला जे दिसलं ते लिहितो. बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा इतक्या वर आहेत की पेन्सिल अडकेल, दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला झर्रर्र असं वाजतं, ब्रिजच्या (तारा खाली जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे लाकूड फुगल्यासारखं वाटतं, आणि पिकगार्डच्या कडेने साउंडहोलपासून खाली एक बारीक रेघ गेलीये. तो म्हणतो ती फक्त पॉलिशची आहे. आवाज मोठा आहे पण मला नुसता ढब ढब वाटला, यूट्यूबवर जंबो ऐकतो तसा नाही. आई म्हणते एवढा डबा ठेवणार कुठे. नऊपर्यंत तुटेल असं वाटतं. घेऊ का नको?

उत्तर : दादा, पहिली गोष्ट, तुम्ही टॉर्च न लावता, पट्टी न नेता एवढं बघून आलात हेच खूप आहे, माझ्याकडे लोक गिटार विकत घेऊन मग येतात आणि विचारतात की सर ही बरोबर आहे का. दुसरी गोष्ट, पोरासारखी जपली आणि सहा वर्षं भिंतीला टांगली, या दोन्ही गोष्टी एकदम कशा होतात ते त्या भाऊलाच विचारा.

आता जंबो म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ म्हणजे ढब ढबचं उत्तर त्यातच मिळेल. १९३७ साली गिब्सनने रे व्हिटली नावाच्या अमेरिकन काउबॉय गायकासाठी एक प्रचंड मोठी गिटार बनवली, तिला सुपर जंबो म्हणायचे, पुढे तीच एसजे-२०० झाली, आणि २०० का तर किंमत २०० डॉलर होती म्हणून. खालचा घेर जवळजवळ १७ इंच. तुमची ड्रेडनॉट साडेपंधरा-पावणेसोळा इंचाची असते, म्हणजे सव्वा इंचाचा फरक, ऐकायला किरकोळ वाटतो पण मांडीवर घेतली की कळतं. दुसरा फरक कमरेत. ड्रेडनॉटला कंबरच नसते, ती पत्र्याच्या पेटीसारखी सरळसोट, जंबोला गोल खांदे, बारीक कंबर आणि खाली मोठा घेर. त्या कमरेमुळे एवढा मोठा डबा असूनही चांगल्या जंबोचा बेस पसरट होत नाही, आवरलेला असतो. सुरुवातीच्या एसजे-२०० ची पाठ रोजवूडची होती, दुसऱ्या महायुद्धानंतर मेपलची झाली, आणि मेपल आवाज जरा कोरडा, स्वच्छ ठेवतं, उगाच घुमत नाही. म्हणून गाण्यामागे जोरात स्ट्रमिंग करायचं असेल तर जंबो, एल्विस प्रेस्लीच्या हातात तीच दिसते ते काही फक्त फोटोसाठी नव्हतं.

म्हणजे जंबो ढब ढब वाजायला नको. वाजतेय तर कारण शोधायचं, आणि पहिलं कारण म्हणजे तारा. सहा वर्षांच्या गंजक्या तारांवर आवाजाचा निकाल देऊ नका, जुन्या तारेची वरची चमक मरते आणि नुसता खालचा धप्प आवाज उरतो, मग मोठ्या डब्यात तो धप्प अजून मोठा होतो. पुन्हा जाताना १२-५३ चा लाइट गेजचा, म्हणजे जरा पातळ तारांचा एक नवीन सेट सोबत न्या आणि त्या भाऊला सांगा की तारा मी बदलतो, गिटार नाही घेतली तर तारा तुलाच राहू दे. पाचशे-हजाराचा खर्च आहे, पण नऊ हजारांचा निर्णय आहे ना. नवीन तारांवर सहाव्या तारेचे सूर मोकळ्यापासून पाचव्या फ्रेटपर्यंत एकेक वाजवत जा. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा जरा फुगून येईल, तो त्या डब्यातल्या हवेचा स्वतःचा सूर असतो, प्रत्येक गिटारला असतो, जंबोत जरा खाली असतो. थोडा फुगला तर चालतं. पण एकच सूर बॉम्ब पडल्यासारखा आणि बाकीचे मुके, असं असेल तर आत काहीतरी सुटलंय. आणि अजून एक करा, त्यालाच वाजवायला लावा आणि तुम्ही आठ-दहा फुटांवर समोर बसा. वाजवणाऱ्याला गिटार वरून ऐकू येते, यूट्यूबवाल्याने माइक समोर लावलेला असतो, म्हणून तुमच्या कानातला जंबो आणि मांडीवरचा जंबो वेगळे वाटतात.

टॉप, म्हणजे वरची फळी, सॉलिड म्हणजे एकसंध लाकडाची आहे का प्लायची हेही साउंडहोलच्या कडेला टॉर्च मारून कळतं. वरच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड, सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. पाठ आणि बाजू प्लायच्या असल्या तरी मी नाक मुरडत नाही, आपल्याकडच्या उन्हात त्या उलट टिकतात. टॉप मात्र सॉलिड असेल तरच नऊ हजारांच्या गोष्टी करा.

आता मान. बैलबाजारात दात बघतात, इथे मान बघायची, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं, मानेचा कोन गेलेला असला की संपलं. तुम्ही पेन्सिल म्हणालात. पेन्सिल ७ मिलिमीटरची असते दादा, खरंच ७ असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, चहा पिऊन परत या. माझा अंदाज तुम्ही रागात लिहिलंय. स्टीलची सहा इंची पट्टी घ्या, जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो अशी, आणि बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. अडीच मिलिमीटर म्हणजे छान, तीन म्हणजे चालेल, साडेतीन-चार म्हणजे कारण शोधा.

कारण तीन ठिकाणी असतं. एक, मान पुढे वाकलेली. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा लावा, चौदाव्या फ्रेटवर तीच तार दुसऱ्या हाताने दाबा, आणि सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. कार्ड जेमतेम जात असेल तर मान ठीक. दोन-तीन कार्डं आरामात जात असतील तर मान वाकलीये, पण हे ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या सळईने बसतं, घाबरायचं नाही, फक्त तो रॉड फिरतो की जाम झालाय हे त्याच्यासमोरच बघायचं, आणि पाव फेऱ्याच्या वर फिरवायचं नाही. दुसरं, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, उंच. हे तर सगळ्यात सोपं, खालून घासलं की झालं. पण इथेच फसवणूक असते, म्हणून सॅडल ब्रिजच्या लाकडाच्या वर किती उरलंय ते बघा. तीनेक मिलिमीटर वर आहे आणि ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, जास्त आहे, तर घासायला जागा आहे, आनंद आहे. सॅडल आधीच घासून घासून लाकडाला टेकलंय आणि तरी ॲक्शन चार आहे, तर तिसरं कारण, मानेचा कोनच गेलाय.

याची पक्की परीक्षा म्हणजे सरळ पट्टी. खिडक्या बनवणाऱ्याकडे ॲल्युमिनियमची दोन फुटी पट्टी मिळते, एक डोळा मिटून सरळ आहे ना बघून घ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधून फ्रेट्सवर मानेच्या लांबीने ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम लागून वर गेलं तर मान शाबूत. टोक ब्रिजच्या तोंडावर मध्येच जाऊन आपटलं तर कोन गेला. मग मान वाफेने सोडवून, सांधा तासून परत बसवावी लागते, ते काम नीट करणारा माणूस मला जळगाव-धुळ्यात अजून भेटलेला नाही, मुंबई-पुण्याला पाठवायची तर येण्या-जाण्याचं आणि मजुरीचं मिळून गिटारच्या किमतीएवढं होतं. तेव्हा ही परीक्षा नापास तर पाच हजारांत पण नको. तुम्हाला फुकट दिली तर मात्र मला फोन करा, मी पार्ट काढून घेतो.

आता पोट. ब्रिजच्या मागे थोडं पोट असणं हे रोग नाही, लाइट गेजच्या सहा तारा मिळून त्या पातळ फळीला साधारण ७० किलोने ओढत असतात, रात्रंदिवस, एक धष्टपुष्ट माणूस लटकलेला समजा. त्यात जंबोचा टॉप जास्त रुंद, म्हणजे पोट यायला मोकळं मैदान. बघायचं हे की पोटाबरोबर ब्रिजच्या पुढे, साउंडहोलच्या बाजूला खड्डा पण पडलाय का. मागे टेकडी पुढे खड्डा असं असेल तर ब्रिज पुढे झुकतोय आणि आतली एखादी पट्टी सुटलेली असू शकते. साधा कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा, कागद आत शिरला तर ब्रिज उचलायला लागलाय. मग मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ चालू करा, तारा सैल करून मोबाइल साउंडहोलमधून आत घाला आणि वर कॅमेरा करून हळू फिरवा. टॉपच्या खाली एक्स आकाराच्या पट्ट्या दिसतील, त्यांच्या कडेला काळी फट दिसते का बघा. शेवटी बोटाच्या पेराने टॉपवर टकटक करत फिरा, कुठे खुळखुळ आली की तिथेच सुटलंय. पट्टी चिकटवणं हे मानेसारखं अवघड काम नाही, पण भाव पाडायला चांगलं कारण आहे.

आता तुमचं पत्र श्रावणातलं आहे हे लक्षात घ्या, कारण आपल्या भागात गिटार वर्षातून दोनदा रूप बदलते. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं, टॉप वर येतो आणि त्याच्याबरोबर ब्रिज आणि तारा पण वर. तीच गिटार मे महिन्यात बघितली असती तर टॉप बसलेला, तारा खाली, आणि फ्रेट्सची टोकं मानेच्या कडेला हाताला टोचतात, कारण फ्रेटबोर्ड आकसतो आणि धातू काही आकसत नाही. म्हणजे तुम्ही बघितलेल्या ॲक्शनमधला थोडा भाग पावसाचा आहे, दिवाळीनंतर तोच जरा उतरेल. आणि ती रेघ मात्र पावसाची नाही, ती उन्हाची आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते, माझ्या खोलीतल्या मीटरवर एप्रिल-मेच्या दुपारी काटा २० च्या आसपास असतो. त्यात भिंत पश्चिमेची असेल तर संध्याकाळी पाचपर्यंत ती तव्यासारखी तापते आणि गिटारची पाठ तिला टेकलेली. सहा उन्हाळे. रेघ आली नसती तरच नवल.

ती पॉलिशची आहे की लाकडाची हे नखाने कळत नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी हळू, आळीपाळीने दाबा. एक कड खाली जाते आणि दुसरी जागेवर राहते, तर लाकूड फाटलंय. आतून टॉर्च मारून बाहेरून अंधारात बघितलं आणि उजेड दिसला तर प्रश्नच मिटला. पिकगार्डच्या कडेने फाटणं हे जुन्या गिटारींचं नेहमीचं दुखणं आहे, प्लॅस्टिक आणि लाकूड वेगवेगळं आकसतात आणि भांडण लाकडाच्या अंगावर निघतं. पण ऐका, यासाठी गिटार सोडू नका. आधी लाकडाला ओल देऊन फट मिटवायची, मग गोंद, आणि आतून छोटे लाकडी टेकू, पुढची वीस वर्षं काही होत नाही. फाटलेला टॉप आणि चांगली मान असलेली गिटार मी डोळे झाकून घेईन, चकाचक टॉप आणि गेलेली मान असली तर हात लावणार नाही.

राहिलं ते झर्रर्र. तारा एवढ्या उंच असून एकाच जागी वाजतंय हे मला पत्रातलं सगळ्यात मजेशीर वाटलं. दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे डी कॉर्डचं बोट. तो भाऊ डी-जी-सी वाजवणारा आहे, दुसरं काय. तिथे फ्रेटवर तारेने खाच पाडलीये, तार त्या खाचेत खाली बसते आणि पुढच्या चौथ्या फ्रेटला घासते. भिंग नको, मोबाइलने झूम करून फोटो काढा, चांदीच्या तारेवर करवत फिरवल्यासारखी खाच दिसेल. पहिल्या दोन-तीन फ्रेटनाच असेल तर सगळे फ्रेट घासून एकसारखे करता येतात, खाच अर्ध्यापेक्षा खोल असेल तर तेवढे फ्रेट बदलायचे.

आता भावाचं बोलू. मान पास, पोट थोडंसं, रेघ लाकडाची, फ्रेट खराब, असं निघालं तर फ्रेटचं, सॅडलचं आणि फट बुजवण्याचं मिळून दोन-अडीच हजार धरून चला आणि सहापासून बोलायला सुरुवात करा, साडेसातच्या वर जाऊ नका. २८ ची होती हे विसरून जा, ती २८ ची नवीन होती. पिकअप, म्हणजे स्पीकरला जोडायची सोय असेल तर बॅटरीचा कप्पा उघडून बघा, सहा वर्षं पडलेली ९ व्होल्टची बॅटरी हमखास फुटून आत पांढरं-हिरवं पीठ झालेलं असतं. तारा ताणायच्या चाव्या एकेक फिरवून बघा, मध्येच मोकळी फिरणारी असेल तर दात गेलेत. ते मात्र किरकोळ, सेट बदलता येतो.

घेतलीच तर आणताना अमळनेरमार्गे एसटीत मांडीजवळ घेऊन या, तारा दोन-तीन सूर उतरवून. कोणाच्या गाडीच्या डिकीत टाकू नका. मी स्वतः एकदा जळगावला मेमध्ये बंद गाडीत गिटार ठेवून लग्नात जेवायला गेलो, दोन पंगती झाल्या, भरीत-पुरी दाबून खाल्ली, परत आलो तर ब्रिज जिभेसारखा वर आलेला. बंद गाडी आतून ६० डिग्रीच्या वर सहज जाते, गोंद मऊ पडतो आणि तारा ओढतच असतात. त्या दिवसापासून मी लग्नात गिटार मांडीवर घेऊन बसतो, लोकांना वाटतं गाणार आहे.

आणि आईंना सांगा, डबा पलंगाखाली केसमध्ये राहील. भिंतीला नाही, कूलरच्या खोलीत उघडी तर अजिबात नाही. कूलर रात्रभर ओलं वारं मारतो, सकाळी बंद केला की दुपारपर्यंत खोली भट्टी, म्हणजे रोज पावसाळा आणि रोज उन्हाळा, याने लाकूड नुसत्या उन्हापेक्षा लवकर मरतं. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत स्पंजचा तुकडा भिजवून घट्ट पिळून ठेवा आणि डबी केसमध्ये मानेखाली. मार्च ते जून दर तीन-चार दिवसांनी भिजवायची. पावसाळ्यात काढून टाकायची, हे लोक विसरतात.

प्रश्न : मी शहाद्याची, उंची पाच फूट. नवऱ्याने वाढदिवसाला जंबो आणली, प्रेमाने आणली म्हणून काही बोलता येत नाही, पण अर्ध्या तासात उजवा खांदा भरून येतो आणि हातावर काठाचा वळ उठतो. सवय होईल का?

उत्तर : ताई, वळाची सवय होईल, खांद्याची होणार नाही. १७ इंचाच्या घेरावरून हात पलीकडे न्यायला खांदा उचलावाच लागतो. उजव्या मांडीवर घेऊ नका, शास्त्रीय गिटारवाले घेतात तशी डाव्या मांडीवर, डाव्या पायाखाली चार-पाच इंचाचा पाट, मान तिरकी वर. म्हणजे घेर दोन पायांच्या मध्ये खाली जातो आणि खांदा उतरतो. बसूनही पट्टा लावा. पंधरा दिवस असं करून बघा आणि तरी दुखलं तर नवऱ्याला स्पष्ट सांगा की प्रेम तसंच राहू दे, गिटार १५ इंची ओएम साइजची बदलून आण. जंबोचाच आकार आवडत असेल तर १६ इंचाच्या लहान जंबो पण मिळतात, त्या कमरेमुळे तुम्हाला मांडीवर ड्रेडनॉटपेक्षा बऱ्या बसतील.

प्रश्न : अमळनेर. कॉलेजच्या गॅदरिंगला माझी जंबो स्पीकरला लावली की हूऽऽ असं ओरडते, मित्राची छोटी गिटार त्याच जागी गप्प असते. पिकअप खराब आहे का?

उत्तर : पिकअप बरा आहे, डबा मोठा आहे. स्पीकरचा आवाज टॉपला हलवतो, टॉप परत पिकअपला, आणि गोल गोल चालू. मॉनिटरकडे, म्हणजे स्टेजवरच्या तुमच्याकडे वळवलेल्या स्पीकरकडे तोंड करून उभं राहू नका, साउंडहोलला रबरी झाकण बसवा, प्रीॲम्पवर फेजचं बटण असेल तर उलटं करून बघा आणि बेस निम्मा करा. मला माहितीये जंबो घेतली ती बेससाठी, पण स्टेजवर बेस साउंडवाल्याकडे भरपूर असतो.

प्रश्न : रावेर. वडिलांची जुनी बारा तारांची जंबो आहे, माळ्यावर होती. फ्रेटबोर्ड पांढरट, सुकल्यासारखा झालाय. घरी खोबरेल तेल आहे ते लावू का? आणि तारा पूर्ण ताणल्या तर चालेल का?

उत्तर : खोबरेल डोक्याला. लाकडात ते जाऊन बसतं आणि खवट होतं, वास जात नाही. फ्रेटबोर्ड बहुतेक शिसवीचा असेल, आपल्याच देशातली शिसव, जगभरच्या कितीतरी गिटारींवर हीच लागते. आधी किंचित ओल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या, मग साध्या मिनरल ऑइलचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन चोळा आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसून टाका. वर्षातून एकदा बस. तारांचं म्हणाल तर बारा तारा मिळून ओढ १०० किलोच्या वर जाते, माळ्यावरच्या गिटारला एकदम एवढी देऊ नका. हलक्या गेजच्या घ्या, एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे ई ऐवजी डी ला लावा, दोन दिवस ठेवा आणि ब्रिजखाली कागद सरकवून बघा. गायचं असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा, सूर तोच येतो आणि वडिलांची गिटार पण राहते.

प्रश्न : भुसावळ. जंबोची बॅग मिळत नाही. दुकानदार म्हणतो ४१ इंची बॅग सगळ्यांना बसते, मी घेतली, चेन अर्ध्यावर अडकली, आता तो परत घेत नाही. काय करू?

उत्तर : ४१ इंच ही लांबी झाली, जंबोचं भांडण रुंदीशी आहे. चेन ओढून बसवू नका, काठाचं बाइंडिंग उखडतं. जी बॅग आहे ती मित्राच्या ड्रेडनॉटला विका आणि सीट कव्हर शिवणाऱ्याकडे जा, रेक्झिन त्याच्याकडे असतं, अर्ध्या इंचाचा फोम आणि आतून मऊ कापड तुम्ही द्या. गिटार नेऊन त्याच्या हातात देऊ नका, मापाचा कागद न्या. पेपर जमिनीवर पसरा, गिटार वर ठेवा, पेन्सिल सरळ उभी धरून आखून घ्या आणि चारी बाजूंनी इंच-इंच जास्त सोडा, खोली पण मोजून लिहा, घेराकडची खोली मानेकडच्या बाजूपेक्षा जास्त असते. एका पेपरवर जंबो मावत नाही, दोन जोडून घ्या.